अंदमानला दोघांनी निवांत फिरायचं तर सहा दिवस पुरतील का?

पुरतील, पण बेटं कमी करा. आम्ही दोघं हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) एवढीच केली, बाराटांग सोडलं, आणि चुकलं असं वाटलं नाही.

तीन रात्री हॅवलॉकला द्या. राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, सूर्यास्त तिथेच पाहायचा. पण घड्याळ भारताचं आणि बेटं पार पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडू लागतो! जेवून ताणून दिलीत की हुकलंच. आमचा पहिला दिवस असाच गेला, बायको अजून ऐकवते. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच जाऊन बसलो.

नील छोटं, स्कूटरवर आरामात होतं. तिथली दगडी कमान ओहोटीलाच बघता येते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून ठेवा. शंख-प्रवाळ उचलू नका, मनाई आहे.

बोटीची तिकिटं आधी काढा. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम). समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. त्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, टोकाला आहे. तिथे मात्र घाई करू नका.