वाळूचा थर आणि पाण्याचे रसायन

प्रवाळांच्या (खाऱ्या पाण्याच्या) टाकीत वाळू किती घालावी, हे तुम्ही आधीच विचारलेत ते बरे झाले, कारण बहुतेक जण वाळू आधी ओततात आणि विचार नंतर करतात. नवख्याने थर दोन ते चार सेंटिमीटरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा-पंधरा सेंटिमीटर बारीक वाळूच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथील जिवाणू पाण्यात साठणाऱ्या नायट्रेट या टाकाऊ घटकाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, हे खरे. परंतु त्या थरात मळ साचत गेला आणि पुढे कधी खडक हलवताना तो ढवळला गेला, तर कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळून मासे दगावू शकतात. काचेलगत काळे पट्टे दिसले, तर तेथे उकरू नका.

अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची) वाळू कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) आपोआप सांभाळते, हा समज मात्र सोडून द्या. टाकीतील पाण्याचा पीएच साधारण ८ ते ८.३ असतो आणि त्या पातळीला ही वाळू जवळजवळ विरघळतच नाही. थराच्या तळाशी, जेथे पीएच उतरतो, तेथे थोडी विरघळते, पण वाढत्या कठीण प्रवाळांची गरज त्यातून भागत नाही. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (ती मोजण्याचे एकक), कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत इतके भाग) आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास ठेवा. वारंवार मोजायची ती अल्कलिनिटी, कारण घसरण आधी तिच्यात दिसते. ती कमी आढळली, तरी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका.