अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ‘अ‍ॅन अटेम्प्ट हॅज बीन मेड’ लिहावं का?

नाशिकच्या एका कॉलेजातल्या एमएस्सीच्या मुलीने विचारलंय की निफाडच्या द्राक्षबागांतल्या भुरी या बुरशीजन्य रोगावर डिझर्टेशन आहे, तर अ‍ॅबस्ट्रॅक्टची (म्हणजे प्रबंधाच्या आरंभी येणाऱ्या छोट्या सारांशाची) सुरुवात ‘इन धिस स्टडी अ‍ॅन अटेम्प्ट हॅज बीन मेड टू स्टडी...’ अशी केली तर चालेल का, आणि ‘वी’ लिहायचं की नाही.

व्याकरणात काही चूक नाही, तरी लिहू नकोस. आपल्याकडे ‘प्रस्तुत निबंधात अभ्यास करण्याचा प्रयत्न केला आहे’ असं लिहायची पद्धत आहे, ती नम्रता म्हणून शोभते, पण अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचणाऱ्याला तू प्रयत्न केलास हे नको असतं, तुला काय सापडलं ते हवं असतं, कारण तेवढ्यावरच तो पूर्ण पेपर उघडायचा की नाही हे ठरवतो. एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) लेखनपद्धतीत साधारण २५० शब्दांची मर्यादा असते, त्यातले सात-आठ शब्द एकट्या प्रयत्नावर का घालवायचे? सरळ ‘धिस स्टडी एक्झामिन्ड’ लिही आणि पुढे जा.

शैक्षणिक लेखनाचे अभ्यासक केन हायलँड यांनी २००० साली अ‍ॅबस्ट्रॅक्टचे पाच टप्पे मांडले: भूमिका, उद्देश, पद्धत, हाती काय आलं, आणि निष्कर्ष. आपल्या मुलांच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये मी बघतो ते असं की भूमिकाच अर्धी जागा खाते, नाशिक ही द्राक्षांची राजधानी वगैरे, आणि चौथ्या टप्प्याच्या जागी ‘द रिझल्ट्स आर डिस्कस्ड’ एवढंच. हे वाक्य तर पूर्ण काढून टाक! समजा गंधकाची फवारणी लवकर सुरू केलेल्या बागांत भुरी कमी दिसली असेल तर तेच लिही, किती कमी तो आकडाही दे. मेडिकलवाल्यांनी १९८७ पासून ठळक मथळ्यांचा स्ट्रक्चर्ड अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणला त्याचा मोठा फायदा हाच, मथळा असला की रकाना रिकामा ठेवता येत नाही. तुझ्या विषयात मथळे लागत नसतील तरी कच्च्या मसुद्यात घालून बघ, शेवटी पुसून टाक.

काळाचं सोपं आहे. केलेलं काम आणि मिळालेले आकडे भूतकाळात, त्यातून निघणारा निष्कर्ष वर्तमानात.

‘वी’बद्दल, एकटीचं काम असेल तर ‘वी’ नको. एपीए ‘आय’ चालवतं, पण गाईडना खटकत असेल तर भांडू नकोस, ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड’ असं पॅसिव्ह लिही, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सगळा अ‍ॅबस्ट्रॅक्ट पॅसिव्हमध्ये बुडवू नकोस, ‘द रिझल्ट्स सजेस्ट’, ‘द डेटा इंडिकेट’ अशी जिवंत क्रियापदं येऊ दे. आणि ‘प्रूव्ह’ लिहायचा मोह होईल, तो आवर, एका हंगामातल्या मोजक्या बागांवरून काही सिद्ध होत नाही, ‘सजेस्ट’च बरोबर आहे.