आवाक्यातली विज्ञानसंस्था कशी निवडावी? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला न जाता मूलभूत विज्ञान शिकू इच्छिणारे विद्यार्थी संख्येने थोडे असले, तरी त्यांच्या घरातला गोंधळ मोठा असतो, कारण शेजारीपाजारी विचारायला माहीतगार माणूस सापडत नाही. या वेळी आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बारावी विज्ञान शाखेत आहे. तिचे विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असून भौतिकशास्त्र तिला मनापासून आवडते. जेईई मेनमध्ये ८८ पर्सेंटाइल मिळाल्याने खुल्या प्रवर्गातून अ‍ॅडव्हान्स्डचा मार्ग बंद झाला आहे. पुण्याच्या आयसरला (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) प्रवेश मिळणे अशक्य आहे, असे सगळे सांगतात. तिने कुठे अर्ज करावेत? – एक पालक

८८ हा आकडा तूर्त बाजूला ठेवावा. आयसरचे प्रवेश आता जेईईच्या गुणांवर होत नसून आयएटी या त्यांच्या स्वतंत्र चाचणीवर होतात, आणि तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो. दरवर्षी काही विद्यार्थ्यांना ही गोष्ट मुदत उलटल्यावर कळते. तीन तासांत ६० प्रश्न, चार विषयांचे प्रत्येकी १५, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकल्यास १ गुण वजा, असे तिचे स्वरूप आहे. जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे इथे प्रत्येक प्रश्नाला पूर्ण तीन मिनिटे मिळतात, आणि वेगात मागे पडणाऱ्या पण विचार करून उत्तर काढणाऱ्या मुलांना हा फरक मानवतो, असा माझा अनुभव आहे.

अडचण जीवशास्त्राची आहे. २४० पैकी ६० गुण त्या विषयाचे, आणि तुमच्या मुलीने तो विषय सोडलेला. तो भाग कोरा ठेवूनही प्रवेश मिळवणारे असतात. पण एनसीईआरटीच्या पुस्तकांतील पेशी, आनुवंशिकता आणि परिसंस्था ही प्रकरणे दीड महिना रोज तासभर वाचली, तर पाचसहा प्रश्न पदरात पडतात आणि तेवढ्याने गुणवत्ता यादीतला क्रमांक बराच वर सरकतो.

आता पुण्याविषयी. आयसर सात आहेत : पुणे आणि कोलकाता (२००६), मोहाली (२००७), भोपाळ आणि तिरुवनंतपुरम (२००८), तिरुपती (२०१५) आणि बरहमपूर (२०१६). चाचणी एकच, प्रवेशप्रक्रियाही एकच; तरीही आपल्याकडची मुले पसंतीक्रमात पुणे लिहितात, फार तर भोपाळ लिहितात आणि थांबतात. पुण्याच्या जागा सर्वांत आधी भरतात, हे खरे. तिरुपती आणि बरहमपूरचे प्रवेश मात्र बऱ्याच खालच्या क्रमांकापर्यंत चालतात. अभ्यासक्रमाचा सांगाडा सगळीकडे सारखाच आहे : पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी, सुरुवातीला सर्व विज्ञानांची तोंडओळख, शेवटचे वर्ष प्रबंधाला. तिरुपतीचे आयसर येर्पेडूला आणि बरहमपूरचे लाउडीगामला स्वतःच्या आवारात गेले आहे. ओडिशातले बरहमपूर आणि मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर यांत गल्लत करून बसलेले पालक मला भेटले आहेत. नकाशा उघडून बघावा, म्हणजे निम्मी भीती तिथेच जाते.

तुमच्या मुलीसाठी माझ्या मते आयएटीपेक्षाही महत्त्वाची आहे ती नेस्ट परीक्षा. तिच्यातून भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबईचे सीईबीएस अशा दोन संस्थांत पाच वर्षांच्या एकात्मिक एमएस्सीला प्रवेश मिळतो. दोन्ही अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या आहेत आणि दोन्हींची सुरुवात २००७ मधली. नेस्टमध्ये चार विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे तीन विषय गुणवत्ता यादीसाठी धरले जातात, त्यामुळे जीवशास्त्र न घेतलेल्या मुलीचे काही बिघडत नाही. सीईबीएस मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारात आहे आणि तिथे शिकवायला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञही येतात. असे असूनही महाराष्ट्रातल्याच पालकांना या संस्थेचे नाव क्वचित ठाऊक असते. जागा थोड्या आहेत, पण या दोन्ही संस्थांतल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० रुपये वेगळे.

यादी करताना दोन ठिकाणे नशिबावर सोडावीत, तीनचार बेताची असावीत आणि एक असे असावे, जिथे प्रवेश नक्की मिळेल आणि जिथे जायला मुलीला कमीपणा वाटणार नाही. हे शेवटचे नाव निवडायलाच सर्वांत जास्त वेळ द्यावा. बहुतेक जण ते जुलैत घाईघाईने शोधतात.

प्रश्न : मागच्या वर्षी आयएटीत माझा क्रमांक लागला नाही. घरचे म्हणतात, सांगलीतच बीएस्सी कर. मला एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करावासा वाटतो. काय करू? – एक विद्यार्थी

थांबू नकोस. आदल्या वर्षी बारावी झालेल्यांना आयएटी देता येते, तेव्हा बीएस्सीला प्रवेश घेऊन ती पुन्हा देण्याचा मार्ग खुला आहे. फक्त क्लाससाठी घालवलेले वर्ष मुलांना थकवते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दुसरे असे की, संशोधनाकडे जायला बारावीनंतरचे दार हे एकच दार नाही. तीन वर्षांनी जॅम ही परीक्षा असते. तिच्यातून आयआयटींच्या एमएस्सीला आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) एकात्मिक पीएचडीला प्रवेश मिळतो. टीआयएफआरची परीक्षा स्वतंत्र आहे. या परीक्षांत पदवी सांगलीच्या विलिंग्डनची आहे, कोल्हापूरच्या राजारामची आहे की पुण्याच्या फर्ग्युसनची, याला गुण नसतात.

मात्र बीएस्सीची ती तीन वर्षे आपोआप कारणी लागत नाहीत. पहिल्याच आठवड्यात एक निर्णय काळजीपूर्वक घ्यावा लागतो आणि तो बहुधा कार्यालयातल्या खिडकीवर, मित्राने काय घेतले ते पाहून, घेतला जातो : मुख्य विषयाबरोबर जोडविषय कोणता? भौतिकशास्त्र मुख्य असेल तर गणित सोडू नये. इलेक्ट्रॉनिक्स सोपे वाटते, गुणही बरे मिळतात. पण तिसऱ्या वर्षी क्वांटम यांत्रिकी समोर आले की रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे स्वतःच्या बळावर शिकण्याची वेळ येते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही गणिताचा एखाददुसरा अभ्यासक्रम पुढे फार उपयोगी पडतो.

महाविद्यालयाबाहेरचे उपक्रम आपणहून शोधावे लागतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. खगोलशास्त्राची ओढ असेल तर पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलसंशोधन संस्था मिळून महाविद्यालयीन मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. बारावीला तुझ्या मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात असशील, तर मूलभूत विज्ञानाच्या बीएस्सीलाही वर्षाला ८०,००० रुपयांची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळू शकते. ६०,००० हाती आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. तालुक्याच्या महाविद्यालयांत या शिष्यवृत्तीची सूचना फलकावर लागतेच असे नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीरचनेत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. प्रवेशापूर्वी महाविद्यालयात एवढेच विचार : हे चौथे वर्ष तुमच्याकडे तुमच्याच प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली होईल का? उत्तर घुटमळत आले, तर तीन वर्षांनी बाहेर पडायची तयारी ठेव.

प्रश्न : एका खासगी विद्यापीठाची जाहिरात पाहिली. नॅकची उत्तम श्रेणी, अत्याधुनिक प्रयोगशाळा वगैरे लिहिले आहे. शुल्क भरमसाट आहे. खरे-खोटे कसे ओळखावे? – एक आई, नाशिक

नॅक म्हणजे उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी परिषद, आणि तिची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. त्या श्रेणीत वाणिज्य शाखा येते, ग्रंथालय येते, क्रीडांगण आणि कागदपत्रांची टापटीपही येते. तुमच्या मुलाला ज्या विभागात आठवड्याचे पाच दिवस घालवायचे आहेत त्याविषयी ती फार थोडे सांगते. तेव्हा विभागात जाऊन यावे, आणि प्रवेशाच्या दिवसांत न जाता सत्र चालू असताना जावे.

मी स्वतः एक साधी परीक्षा घेत असे. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला विचारायचे, ‘वर्णपटमापीच्या प्रयोगात सोडियमचा दिवा लावल्याबरोबर उजेड कोणत्या रंगाचा दिसतो?’ पुस्तकावरून प्रयोग लिहिलेला मुलगा ताबडतोब ‘पिवळा’ म्हणतो. ज्याने दिवा खरोखर लावला आहे तो सांगतो की आधी तांबूस दिसतो आणि पिवळा व्हायला काही मिनिटे लागतात, कारण सुरुवातीला आतला निऑन वायू पेटतो आणि सोडियमची वाफ व्हायला वेळ लागतो. एका नावाजलेल्या महाविद्यालयात मी हा प्रश्न सहा जणांना विचारला आणि सहा वेळा ‘पिवळा’ ऐकले. पुढे कळले की उपकरणावरचे कापड त्या वर्षी निघालेच नव्हते. मुलांनी आदल्या तुकडीच्या वहीतून वाचने उतरवली होती.

रसायनशास्त्राच्या विभागात अनुमापन करणाऱ्या मुलांचे हात बघावेत. एका ब्युरेटभोवती चार जण उभे असतील तर शिकतो एक आणि लिहितात चौघे. प्रयोगशाळेतल्या सहायकाशी दोन शब्द बोलावे. काय बंद आहे आणि कधीपासून, हे तो विभागप्रमुखांपेक्षा मोकळेपणाने सांगतो.

शिक्षकांबाबत एकच प्रश्न पुरतो : कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक बरेचदा उत्तम शिकवतात, माझ्या पाहण्यातले काही तर कायम असलेल्यांहून सरस होते. पण पुढच्या वर्षी ते तिथे असतील याची शाश्वती त्यांनाच नसते, मग प्रकल्पाला मार्गदर्शन कोण करणार? महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांतही हे दुखणे मोठे आहे, म्हणून हा प्रश्न फक्त खासगी विद्यापीठाला विचारून थांबू नये.

प्रश्न : मी मडगावला राहते. मला समुद्रविज्ञान शिकायचे आहे. बारावीनंतर लगेच त्याची पदवी देणारी संस्था शोधावी का? – एक विद्यार्थिनी

इतक्या लवकर शोधू नये. समुद्रविज्ञान हे अनेक विषयांच्या संगमावर उभे आहे. प्रवाह आणि लाटांना भौतिकशास्त्र लागते, पाण्याच्या घटकांना रसायनशास्त्र, तळाच्या गाळाला भूगर्भशास्त्र आणि प्लवकांना जीवशास्त्र. यांपैकी एक विषय पदवीला पक्का करावा आणि समुद्राकडे एमएस्सीला वळावे. तुमच्या गावातच चौगुले महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकता येते, पुढे ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचे शिक्षण आहे, आणि दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मुंबई-पुण्याची मुले ज्यासाठी गोव्यात खोली शोधतात, ते तुम्हांला घरून बसने जाऊन मिळणार आहे. गणिताकडे मात्र पाठ फिरवू नये, कारण भौतिक समुद्रविज्ञानात ते जाणणारी माणसे हवीच असतात.

प्रश्न : मला केवळ गणित आवडते. भौतिक-रसायनात गुण बेताचेच आहेत, शिवाय दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. माझ्यासाठी कुठली संस्था? – एक विद्यार्थी, अकोला

माध्यमाची चिंता करू नकोस. गणिताचे इंग्रजी सर्वांत आटोपशीर असते. दीडदोनशे शब्द आणि पाचदहा वाक्यरचना बसल्या की पुस्तक वाचता येते. त्रास होतो तो वसतिगृहातल्या गप्पांत, आणि तो पहिल्या सत्राअखेर ओसरतो.

चेन्नईजवळच्या सिरुसेरीची सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय, ही दोन नावे तुझ्यासाठी आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या आयएसआयमध्ये कोलकात्याला बीस्टॅट आणि बंगळूरला बीमॅथ शिकवतात. दोन्ही संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत भौतिक-रसायन विचारत नाहीत. जागा कमी आहेत, म्हणून यादीत महाराष्ट्रातले एखादे गणिताचे चांगले महाविद्यालय हवेच. ते निवडताना तिथली मुले माधव गणित स्पर्धेला बसतात का, हे विचार; पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली ही स्पर्धा जिथे ठाऊक आहे, तिथे गणितात रस घेणारा निदान एक शिक्षक असतो.

आपला आवाका कळायचा असेल तर आयएसआयची लेखी उत्तरांची एक जुनी प्रश्नपत्रिका घे. दोन तासांत आठ प्रश्न असतात आणि नुसते उत्तर न लिहिता सिद्धता पूर्ण मांडावी लागते. रविवारी सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बस. पहिल्या खेपेला दीड प्रश्न सुटला तरी वाईट नाही. मात्र जेवायला हाक आली तरी उरलेला अर्धा प्रश्न डोक्यातून जात नसेल, तर अर्ज भर.