४एच टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत. ट्रान्सफर केस बदलण्याआधी घरी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे (एरवी फक्त मागची चाकं ओढतात, पुढची लागतील तेव्हा जोडायची), ४एचला म्हणजे चारही चाकांवर टाकली की दिवा नुसता लुकलुकत राहतो, चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि पुढची ढिम्म हलत नाहीत. शिवाय गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘टण्ण’ असा आवाज येतो. गॅरेजमधून ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, बदला असं सांगितलंय.

केसला अजून हात लावू नका. माझ्या गाडीत अगदी हेच झालं होतं. मी दोन दिवस खपून केस खाली घेतली, उघडली, तर आतली साखळी, फोर्क, बेअरिंग सगळं ठणठणीत. दोष निघाला पुढच्या हबकडे (चाकाच्या मधोमध असलेल्या, चाकाला ॲक्सलशी जोडणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीत. वाकणापाशी रबर तडकलं होतं, आणि ती चीर नळी वाकवून धरल्याशिवाय दिसतही नव्हती. तुमचे दोन दिवस वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पुढच्या चाकापर्यंत ताकद जायला दोन ठिकाणी जोड बसावा लागतो: एक ट्रान्सफर केसमध्ये, दुसरा पुढच्या ॲक्सलमध्ये किंवा हबमध्ये. या दोघांच्या मधोमध पुढचा प्रॉप शाफ्ट आहे, म्हणजे केसकडून पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा. म्हणून दोष कुठल्या बाजूला आहे हे तोच सांगतो.

सपाट, टणक जागेवर गाडी लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. इंजिन बंदच हवं: मागची चाकं जमिनीवर असताना ४एचमध्ये इंजिन चालवलं तर गाडी स्टँडवरून उडी मारेल. ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली तर गिअरचाही आधार राहत नाही, म्हणून ठोकळे हवेतच.

आता २एचमध्ये (फक्त मागची चाकं जोडलेली) पुढचा प्रॉप शाफ्ट हाताने फिरवून बघा, सुटा फिरेल. मग ४एच टाका. लिव्हर अर्ध्यात अडली तर शाफ्ट हाताने जरा पुढेमागे करा. दात जुळले की ‘टक्’ असं हाताला कळतं. जोड बसला असेल तर शाफ्ट किंचित प्ले (सैलपणा) सोडून फिरणार नाही, कारण आता तो मागच्या शाफ्टशी आणि त्यातून जमिनीवरच्या मागच्या चाकांशी बांधला गेलाय. ४एचमध्येही सुटाच फिरत राहिला तर दोष केसच्या बाजूला. घट्ट झाला तर केस आपलं काम करतेय, दोष पुढे शोधा.

शाफ्ट घट्ट असताना पुढचं एक चाक हाताने फिरवा. साधा डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) असेल तर दुसरं चाक उलट्या दिशेने फिरायला हवं. ते जागचं हललं नाही तर कुठल्या तरी बाजूचा जोड सुटलेला आहे. चाकामागचा हाफ शाफ्ट (डिफरेन्शियलकडून चाकाकडे येणारा दांडा) बघा: चाक फिरतंय आणि शाफ्ट थांबलाय, म्हणजे त्या बाजूचा हब पकड घेत नाही. फक्त जुने ऑटोमॅटिक हब ॲक्सल फिरायला लागल्यावरच पकडतात, त्यामुळे उभ्या गाडीत ते सुटे वाटले म्हणून लगेच बाद करू नका. आणि ही सगळी परीक्षा पार्ट-टाइम गाडीचीच. मध्ये सेंटर डिफरेन्शियल असलेल्या फुल-टाइम गाडीला ती लागू होत नाही.

हब व्हॅक्यूमचे असतील तर हँड पंप घ्या, इंजिनाकडच्या टोकाला नळी सोडवा आणि तिथून व्हॅक्यूम द्या. पंपावरचा काटा जागेवर राहायला हवा. उतरत गेला तर तीच परीक्षा थेट हबपाशी करा. तिथे काटा टिकला तर नळी गळतेय, तिथेही उतरला तर हबचे सील. नळ्या एक्झॉस्टजवळ आणि चाकासोबत वळणाऱ्या भागात आधी तडकतात.

दोष केसच्या बाजूला निघाला तरी लगेच केस उतरवायची नाही. इलेक्ट्रिक शिफ्ट असेल तर किल्ली ऑन करून स्विच फिरवा आणि खाली मोटरचा आवाज येतो का ऐका. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि कनेक्टरमध्ये साचलेला हिरवा गंज बघा. केस उघडायची वेळ मी तेव्हाच आली म्हणेन, जेव्हा तेलात धातूचे तुकडे सापडतील किंवा जोर दिल्यावर साखळी दातांवरून उडी मारल्यासारखे धाडधाड आवाज येतील. ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा मऊ करडा लेप मात्र साधी झीज आहे, त्याला घाबरू नका. तेल काढण्याआधी नेहमी भरायचा प्लग सोडवून बघा. तो अडकून बसला आणि तेल आधीच सांडलंत, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही.

तुमचा तो ‘टण्ण’ आवाज वेगळा दोष आहे, बहुधा प्रॉप शाफ्टच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातल्या फुलीच्या आकाराच्या भागाचा). शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळा. क्रॉसमध्ये प्ले जाणवला किंवा क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या कपाच्या कडेला लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया (बारीक रोलर) कोरड्या पडून झिजल्यात. हे काम घरी नक्की जमतं. आधी फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडला जातो ती चकती) आणि योकवर (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या भागावर) रंगाने खुणा करा, कारण शाफ्ट होता त्याच स्थितीत परत बसला नाही तर गाडी थरथरते. सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढा, व्हाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट ठेवून कप दाबत बाहेर काढा. नवा बसवताना सगळी गोम सुयांमध्ये आहे. त्या ग्रीसमध्ये नीट उभ्या चिकटलेल्या हव्यात. एक जरी आडवी पडून तळाशी गेली तर कप शेवटचे दोन-तीन मिलिमीटर आत जात नाही आणि सर्क्लिपची खाच उघडी पडत नाही. तिथे हातोडा मारू नका, कप बाहेर काढून सुई उभी करा. सर्क्लिप बसल्यावर योकच्या कानांवर हलकेच ठोका, म्हणजे क्रॉस मोकळा फिरतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

हब, नळ्या, शिफ्ट मोटर, क्रॉस, ऑइल सील एवढं खुशाल घरी करा. क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली मुख्य गिअरची जोडी) मात्र घरी जुळवू नका. त्याचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि बेअरिंगचा प्रीलोड (आधीपासून दिलेला दाब) मोजूनच बसवावा लागतो, आणि हाताच्या अंदाजाने बसवलेला सेट लवकरच रडायला लागतो.

सगळं झालं की ४एच सैल मातीवर तपासा, कोरड्या डांबरावर नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात. घट्ट रस्त्यावर तो फरक घसरून निघत नाही आणि पीळ साठत जातो. कधी गाडी ४एचमधून सुटेना झाली तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, पीळ मोकळा होतो.

आधी प्रॉप शाफ्टची परीक्षा करा आणि तो ४एचमध्ये फिरला की घट्ट राहिला एवढं खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.