चरित्र अभिनेता, सहायक अभिनेता आणि थेल्मा रिटर

प्रश्न असा आला आहे: जुन्या हॉलीवूडमधल्या ‘कॅरॅक्टर अ‍ॅक्टर’ मंडळींवर (दुसऱ्याचं वय, चाल, बोली घेऊन ठसठशीत व्यक्तिरेखा उभ्या करणारे कलाकार), म्हणजे थेल्मा रिटर, थॉमस मिचेल, ब्यूला बाँडी अशांवर लेख लिहायचा आहे. त्यांना मराठीत ‘चरित्र अभिनेता’ म्हणावं की ‘सहायक अभिनेता’? ‘चरित्र’ म्हटलं की जीवनचरित्र आठवतं, त्याचं काय करायचं?

शंका रास्त आहे. मराठीत चरित्र म्हणजे आधी कुणाच्या तरी आयुष्याची कहाणी. आत्मचरित्र, चरित्रकार, चरित्रपट हे सगळे शब्द त्याच घरातले. तेव्हा ‘चरित्र अभिनेता’ म्हणजे थोरामोठ्यांच्या जीवनपटांत काम करणारा नट, असा कुणाचा समज झाला तर त्यात वाचकाची चूक नाही. हा शब्द आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या वाटेने आला. हिंदीत नाटक-कादंबरीतल्या पात्रालाही ‘चरित्र’ म्हणतात, शाळेतली मुलं ‘चरित्र-चित्रण’ लिहितात. आपण त्याला स्वभावचित्रण किंवा व्यक्तिचित्रण म्हणतो. त्यामुळे हिंदीभाषकाला हा शब्द आपोआप कळतो आणि आपल्याला तो सवयीने कळून घ्यावा लागतो. कधी कधी ‘चारित्र्य अभिनेता’ असंही छापलेलं दिसतं. ते मात्र कटाक्षाने टाळा. चारित्र्य म्हणजे शील, त्याचा इथे काही संबंध नाही.

एवढं असूनही माझं मत ‘चरित्र अभिनेता’च्या बाजूने आहे. शब्द रुळला आहे, ललिता पवारांपासून ए. के. हंगलांपर्यंत कितीतरी जणांबद्दल तो वापरला गेला आहे आणि चित्रपटांवर वाचणाऱ्याला तो अडत नाही. ‘सहायक अभिनेता’ हा त्याचा पर्यायच होऊ शकत नाही, कारण तो वेगळ्याच गोष्टीचं नाव आहे.

‘सहायक’ हे पारितोषिकाच्या विभागाचं नाव. भूमिका मुख्य की मुख्य नाही, एवढंच ते सांगतं. ऑस्करमध्ये हा विभाग १९३६ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि पहिली काही वर्षं त्यातल्या विजेत्यांना पुतळा मिळतच नसे, पट्टिका मिळे. पूर्ण पुतळा मिळू लागला तो १९४३च्या चित्रपटांपासून. विभागाच्या सीमारेषा किती कच्च्या होत्या हे १९४४ सालच्या ‘गोइंग माय वे’वरून कळतं. त्यात म्हाताऱ्या पाद्र्याचं काम करणाऱ्या बॅरी फिट्झजेराल्डला एकाच भूमिकेसाठी मुख्य आणि सहायक अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळालं. सहायकाचं ऑस्कर त्याने घेतलं, मुख्य अभिनेत्याचं त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीला गेलं. पुढे असं होऊ नये म्हणून नियम बदलावा लागला. भूमिका तीच, नटही तोच, आणि तो एकाच वेळी मुख्यही ठरतो, सहायकही! अशा शब्दावर नटाची ओळख कशी बेतायची?

‘कॅरॅक्टर अ‍ॅक्टर’ हा नटाचा प्रकार आहे, त्याच्या वाट्याला आलेल्या वेळेचं माप नव्हे. मुळात ही नाटक कंपनीची वाटणी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज-अमेरिकन नाटक मंडळ्यांत नटांच्या ‘लाइनी’ ठरलेल्या असत: नायक, तरुण प्रेमिक, खलपुरुष, म्हातारा, म्हातारी, विनोदी. आपल्याकडे राजापार्ट, स्त्रीपार्ट म्हणत तसंच. नायक-नायिकेने मुख्यतः स्वतःचं रूप आणि ऐट घेऊन यायचं. कॅरॅक्टर नटाने दुसऱ्याचं वय, चाल, बोली, खोड अंगावर चढवायची. स्टुडिओंनी करारावर माणसं ठेवायला सुरुवात केली तेव्हा हीच वाटणी पडद्यावर आली. त्यामुळे चरित्र अभिनेता मुख्य भूमिकेतही असू शकतो. मरी ड्रेसलर साठी ओलांडलेली, थोराड बांध्याची बाई; १९३२ आणि १९३३ या दोन्ही वर्षी चित्रपटगृहवाल्यांच्या कौलात सर्वाधिक गल्ला खेचणाऱ्या कलाकारांत ती पहिली होती. तिला सहायक म्हणण्याची कुणाची छाती होईल?

तुमच्या यादीतलं थॉमस मिचेलचं १९३९ हे एकच वर्ष बघा. ‘स्टेजकोच’मधला दारुडा डॉक्टर, ‘गॉन विथ द विंड’मध्ये स्कार्लेटचा बाप, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधला मुरलेला बातमीदार, ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मधला दृष्टी मंदावत चाललेला वैमानिक आणि ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मधला भिकाऱ्यांचा राजा. पाचही एका वर्षातले. यातल्या डॉक्टरने त्याला ऑस्कर मिळवून दिलं. हे पाच चित्रपट ओळीने पाहिलेत तर आपण एकाच माणसाला पाहतो आहोत हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

ब्यूला बाँडी जेम्स स्टुअर्टची आई म्हणून चार चित्रपटांत आली, त्यामुळे तिला ‘आईच्या भूमिका करणारी’ असं एका ओळीत गुंडाळलं जातं. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) मध्ये तीच आई दोनदा भेटते. एकदा मायेची. आणि एकदा, नायक जन्मालाच आला नसता तर काय झालं असतं त्या जगात, खानावळ-खोल्या चालवणारी, दार अर्धवट उघडून परक्याला न्याहाळणारी बाई. चेहरा तोच. पण त्या दारातल्या नजरेत ओळखीचा मागमूस नाही, आवाज कोरडा पडलेला, आणि समोरचा माणूस ‘आई’ म्हणतो तेव्हा तिच्या तोंडावर फक्त संशय येतो. दोन-तीन मिनिटांचं काम असेल. सगळ्या कथेतली भीती त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या पोटात उतरते, आणि ती नायकाइतकीच बाँडीचीही करणी आहे.

आता थेल्मा रिटर. तिला सहा नामांकनं मिळाली, सगळी सहायक अभिनेत्री म्हणून, आणि पुरस्कार एकदाही नाही. बहुतेकांना ती ‘रिअर विंडो’मधली फटकळ नर्स म्हणून आठवते. माझ्या लेखी तिचं सर्वांत मोठं काम १९५३च्या ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मध्ये आहे. मो नावाची थकलेली बाई, गळ्यातले टाय विकते आणि पोलिसांना खिसेकापूंची खबरही विकते. पोलीस ठाण्यात ती भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करते, महागाई वाढली म्हणून खबरीचा भाव वाढवते. पैसे साठवते ते स्वतःच्या कबरीसाठी, बेवारसांच्या दफनभूमीत जायला नको म्हणून. शेवटच्या रात्री ती खोलीवर येते, तबकडी लावते, पलंगावर टेकते. मारेकरी आधीच येऊन बसलेला असतो. ती घाबरत नाही. पाय दुखतात, पाठ दुखते, रोज सकाळी उठायचा कंटाळा आलाय, हे ती त्याला सांगते, आणि त्याला हवा असलेला खिसेकापूचा पत्ता तेवढा देत नाही. कॅमेरा तबकडीकडे वळतो, गोळीचा आवाज येतो. सगळा प्रसंग तिने आवाज न चढवता केला आहे. या कामाला ‘दुय्यम भूमिका’ म्हणणं मला तरी जमणार नाही.

आता लिहिण्यापुरत्या गोष्टी. पुरुषांसाठी ‘चरित्रनट’ हा सुटसुटीत शब्द मला आवडतो, समासही जुळून येतो. बाईसाठी मात्र ‘चरित्रनटी’ नको. ‘नटी’ला आता हलकेपणाचा वास लागला आहे. तिथे ‘चरित्र अभिनेत्री’च बरं. लेखाच्या सुरुवातीला एकदा ‘नायक-नायिकेपलीकडच्या ठसठशीत व्यक्तिरेखा उभ्या करणारे कलाकार’ असा खुलासा करून टाका, पुढे अडचण येणार नाही. ‘सहायक अभिनेता’ फक्त पुरस्कार-नामांकनाच्या वाक्यात वापरा. ‘दुय्यम’ कुठेच नको, तो दर्जा सांगतो. आकार सांगायचा असेल तर सरळ ‘छोटी भूमिका’ म्हणा.

याचा उपयोग तुम्हाला रिटरच्या पहिल्याच चित्रपटापाशी होईल. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७) मध्ये ती नाताळच्या खरेदीने वैतागलेली एक आई आहे. दुकानातला सांताक्लॉज तिच्या मुलाला बंबाची खेळण्यातली गाडी कबूल करून बसतो, ती गाडी कुठेच मिळत नसल्याने ती वैतागते, आणि तो तिला चक्क दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो. तिच्या चेहऱ्यावर चिडीतून अविश्वास आणि अविश्वासातून पसंती येते ती पाहण्यासारखी आहे. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. तुम्ही लिहाल तेव्हा ‘छोटी, श्रेयनामावलीत न आलेली भूमिका’ एवढं पुरे आहे.