वाचकांचे प्रश्न : पेटीतले मोडी कागद आणि लघुप्रबंधाचा विषय

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास विषयात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. लघुप्रबंधासाठी ‘ब्रिटिशकालीन खान्देश : एक अभ्यास’ असा विषय मी दिला होता, परंतु तो फार मोठा आहे असे सांगून मार्गदर्शक मॅडमनी परत केला. आमचे गाव सावद्याजवळ आहे आणि पणजोबांच्या पेटीत मोडीतील काही कागद आहेत. १८५२ मध्ये या भागातील शेतकरी जमीनमोजणीविरुद्ध उठले होते, असे वाचनात आले. त्यावर काम करता येईल का? घरच्या कागदांचा त्यात उपयोग होईल का?

उत्तर : तुमच्या मॅडमनी तुमची एक-दोन वर्षे वाचवली आहेत. १८१८ ते १९४७ हा १२९ वर्षांचा काळ असून त्यात खान्देश हा जिल्हाच एकसारखा राहिलेला नाही. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यामुळे सावद्याचे १८५२ मधील कागद ‘जळगाव’ या नावाखाली शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण त्या वेळी सारा कारभार धुळ्याच्या कलेक्टराकडे होता. शिवाय ‘एक अभ्यास’ या शब्दांत प्रश्न कोणता आहे हे कळत नाही आणि प्रश्नच नसेल तर दप्तरखान्यात नेमके काय मागायचे, हेही ठरत नाही.

१८५२चा विषय मात्र जरूर घ्यावा. सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीला विरोध झाला, एवढे सांगून थांबू नये. ते सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक शेत मोजून, जमिनीची प्रत म्हणजे कस ठरवून, पुढील अनेक वर्षांसाठी सारा (जमीन महसूल) बांधून देणारी ही पद्धत सरकार रयतेच्या हिताची म्हणत होते. मग तिला रयतेनेच का अडवावे? विरोधात पुढे कोण होते : साधा कुळवाडी (शेत कसणारा), की जुन्या पद्धतीत ज्यांचा शब्द चालत असे ते पाटील-देशमुख? की दोघांची कारणे वेगवेगळी होती? लघुप्रबंधाला एवढा प्रश्न पुरेसा आहे. येथे एक इशारा देतो. अनेक विद्यार्थी कापसाची भरभराट आणि रेल्वे यांचा संदर्भ या प्रसंगाला जोडतात, पण या दोन्ही गोष्टी १८६० नंतरच्या आहेत. १८५२च्या शेतकऱ्याला त्यांची कल्पना असणे शक्य नव्हते.

वाचनाला सुरुवात १८८०च्या खान्देश गॅझेटियरपासून करावी, परंतु ते घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी आणि सरकारी नजरेने लिहिलेले आहे, हे विसरू नये. त्यानंतर मुंबईच्या पुराभिलेखागारातील महसूल विभागाचे त्या वर्षांचे खंड पाहावेत. रयतेचे अर्ज तेथे आढळले तरी ते पुष्कळदा इंग्रजी तर्जुम्याच्या रूपात असतात, म्हणजे शेतकऱ्याचे म्हणणे आधी अर्ज लिहिणाऱ्याच्या आणि मग भाषांतरकाराच्या लेखणीतून उतरलेले असते. अर्जातील कोणती वाक्ये ठरावीक साच्याची आहेत आणि कोणती त्या गावाचीच आहेत, हे वेगळे करता आले तर तुमचे अर्धे काम झाले असे समजा.

घरच्या कागदांबाबत घाई करू नये. ते १८५२चेच असतील असे नाही आणि मोडी वाचता आली तरी कालगणनेत फसगत होते. समजा, एका कागदावर १२१३ हे साल आहे. जुन्या कागदांत सुहूर आणि फसली अशा वेगवेगळ्या कालगणना आढळतात. ते सुहूर सन असेल, तर इसवी सन काढण्यासाठी त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे लागतात, म्हणजे १८१२-१३ येते. तेच फसली धरले तर ५९० मिळवून १८०३ निघते. फरक नऊ वर्षांचा दिसतो, पण खान्देशात १८०२ ते १८०४ हा भीषण दुष्काळाचा आणि होळकरी फौजांच्या धामधुमीचा काळ होता. सारा माफीचा एखादा साधा कागद तुम्ही चुकून त्या दुष्काळाचा पुरावा म्हणून छापाल. म्हणून आधी सन ठरवावा, नंतर मजकूर लावावा. कागद सरळ करून पातळ सुती कापडात ठेवावेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. वाचनात अडल्यास धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जावे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे निधन १९२६च्या अखेरीस धुळ्यातच झाले आणि त्यांनी जमवलेल्या दप्तरांच्या आधारे हे मंडळ उभे राहिले.

प्रश्न : आजीने अहिराणीत सांगितलेल्या आठवणी प्रबंधात पुरावा म्हणून चालतील का? (साक्री तालुक्यातील एक विद्यार्थी)

उत्तर : चालतील, मात्र आजींनी स्वतः पाहिलेले आणि त्यांनी कुणाकडून ऐकलेले यांची सरमिसळ करू नये. त्यांचे बोलणे प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नका. अहिराणी वाक्य जसेच्या तसे द्यावे आणि खाली अर्थ लिहावा. मुलाखतीची तारीख, गाव आणि त्या वेळी आजींच्या शेजारी कोण बसले होते, याचीही नोंद ठेवावी. घरातील सून समोर असताना आणि नसताना आजी वेगळे सांगतात.