कानाने वाचताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: जुन्या मराठी लेखाची पीडीएफ ब्राउझरला वाचायला दिली, तर तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच बडबडतो. आवाज बिघडलाय का? (संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आवाज ठणठणीत आहे, दोष फॉन्टचा. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये बहुधा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. आपल्या डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसतं, पण यंत्राच्या हाती लागतात आतली रोमन अक्षरं. फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे अगम्य काही उमटलं तर निदान पक्कं. मग पानांचे स्क्रीनशॉट काढा, ते गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, म्हणजे पानाचं चित्र वाचून त्यातून युनिकोड मजकूर तयार होतो. जोडाक्षरं आणि रफार मात्र मूळ पानाशी ताडून घ्या. अवतरण द्यायचं असेल तर ते छापील पानावरूनच घ्या, कानावरून नको.

प्रश्न: लोकलमध्ये यंत्राकडून ऐकलेला लेख अभ्यासात धरावा का? (एमए, डोंबिवली)

पहिल्या वाचनापुरतं धरा. प्रस्तावना, चर्चा, निष्कर्ष कानातून बरे जातात. तक्ते आणि सूत्रं ऐकणं म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक कुणाकडून तरी वाचून घेणं! दोन स्तंभांच्या पानावर कधी कधी डावी ओळ संपली की यंत्र थेट उजवीकडच्या ओळीवर उडी मारतं, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न: प्रबंध तपासायला हे ऐकणं उपयोगी पडतं का? (पीएचडी, छत्रपती संभाजीनगर)

माझ्या मते याचा सर्वांत मोठा उपयोग हाच. आपलं लिखाण वाचताना मन गाळलेले शब्द स्वतःच भरून घेतं, यंत्र तेवढं दयाळू नाही. माझ्या एका लेखात ‘हे मत ग्राह्य नाही’मधला ‘नाही’च गळाला होता. तीन वेळा वाचूनही दिसला नाही, ऐकताना मात्र दचकलो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये फाइल उघडून कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा आणि आवाजांच्या यादीतून आरोही किंवा मनोहर निवडा. हे दोन्ही मराठी आवाज आहेत. हिंदी आवाज लावलात तर ‘चमचा’ आणि ‘जहाज’ हिंदी वळणाने ऐकावे लागतील. वेग मुद्दाम कमी ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र कान पकडत नाही. ‘कवि’ आणि ‘कवी’ ऐकायला सारखेच, तेव्हा शुद्धलेखनासाठी डोळेच हवेत.

प्रश्न: मी दृष्टिहीन आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली) घेणं परवडत नाही आणि संदर्भग्रंथ स्कॅन करायला ग्रंथालय कॉपीराइटचं कारण देतं. (बीए, सांगली)

एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर मोफत आहे. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या यंत्रणेत मराठीही आहे. आवाज पत्र्यासारखा वाटतो, पण वेग वाढवला तरी शब्द सुटे राहतात. कॉपीराइटचं म्हणाल तर 2012च्या दुरुस्तीने कायद्याच्या कलम 52मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रत बनवायला सूट दिली आहे. खासगी वापर किंवा संशोधनासाठी अशी प्रत देताही येते, फक्त त्यातून नफा कमवायचा नाही. ग्रंथपालांना लेखी अर्ज द्या, त्यात 52(1)(झेडबी) हे उपकलम नमूद करा आणि पोच घ्यायला विसरू नका. त्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहात ते पुस्तक शोधून पाहा, कुणीतरी आधीच करून ठेवलं असेल.